पुन्हा एकदा जाऊन ये

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत बातमीलेखनाचा प्रश्न असतो. शाळेचे नाव, कार्यक्रम, तारीख, प्रमुख पाहुणे असा तपशील छापलेला असतो आणि त्यावरून बातमी तयार करायची असते. विद्यार्थी मथळा देतो, 'आमच्या वार्ताहराकडून' असे लिहितो, पाहुण्यांच्या तोंडी पर्यावरणाचे महत्त्व सांगणारी दोन वाक्ये घालतो, मुख्याध्यापकांच्या हस्ते रोप लावतो आणि आभारप्रदर्शनाने शेवट करतो. न झालेल्या कार्यक्रमाची आणि न बोललेल्या भाषणांची ही बातमी नीटनेटकी असली की तिला चांगले गुण मिळतात. प्रश्न काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. मांडणी कळावी, भाषा नेमकी व्हावी, एवढेच त्यांना हवे असते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्यातून ठसते ते वेगळेच. बातमी जागेवर बसून रचता येते, माणसांच्या तोंडी हवी ती वाक्ये घालता येतात आणि त्याला कोणी हरकत घेत नाही, हे त्याला शाळेतच कळते.

निबंधाची गोष्ट याहून जुनी आहे. पाण्याचे महत्त्व, मोबाइल शाप की वरदान, मुलगी शिकली प्रगती झाली: विषय फळ्यावर लिहिला जातो तेव्हाच त्याचा निष्कर्षही ठरलेला असतो. मुलाने फक्त त्या निष्कर्षापर्यंत पोहोचणारी वाक्ये जमवायची. वर्गातल्या निम्म्या मुली रोज सकाळी हापशावरून पाणी भरून शाळेत येत असतात आणि पाण्यावरच्या निबंधात त्या हापशाचा उल्लेखही नसतो. आता तर तो निबंध मोबाइलवर काही सेकंदांत आयता मिळतो, आणि तो मुलांच्या निबंधांपेक्षा फार वेगळा वाटत नाही. हे यंत्राचे कौतुक नाही. आपण मुलांकडून इतकी वर्षे काय लिहून घेत होतो, ते त्यातून दिसते.

आठवी ते दहावीच्या मुलांना सखोल वार्तांकन शिकवणे म्हणूनच मला निकडीचे वाटते. सखोल म्हणजे लांबलचक नव्हे. पाच पानांचा लेख उथळ असू शकतो आणि दीड पानाचा खोल. एकच प्रश्न धरायचा, त्याचे पहिले उत्तर मिळाले की थांबायचे नाही, ते ज्याला खरे-खोटे ठाऊक असेल अशा दुसऱ्या माणसाकडे न्यायचे, मग कागद पाहायचा, मग पुन्हा पहिल्या माणसाकडे जायचे. यात शिक्षकाचे मुख्य काम एकच आहे. मूल मसुदा घेऊन आले की त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवण्याआधी त्याला विचारायचे, "हे तुला कसे कळले?" आणि उत्तर समाधानकारक नसेल तर म्हणायचे, "पुन्हा एकदा जाऊन ये."

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका साध्या विषयावरून पाहू. ग्रामीण भागातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत नववीच्या मुलांना विषय सुचवायला सांगा, सकाळची एसटी हा विषय निघतोच. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, मुलांना पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, आणि तरीही गाडी वेळेवर येत नाही म्हणून पहिला तास बुडतो. मुलांचा पहिला मसुदा कसा असेल, ते डोळ्यांपुढे येते. 'एसटी वेळेवर येत नाही. विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होत आहेत. प्रशासनाने याकडे त्वरित लक्ष द्यावे, अशी मागणी होत आहे.' वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत रोज येणारी भाषा मुलांनी अचूक उचललेली असते. मी अशा पानांवर बराच काळ काम केले आहे. 'मागणी होत आहे' या शब्दांमागे मागणी करणारा एकही माणूस नसलेल्या बातम्या माझ्या हातून किती गेल्या असतील, त्याची गणती नाही.

आता शिक्षक विचारतात: वेळेवर येत नाही म्हणजे किती उशिरा येते? कोणी लिहून ठेवले आहे का? नाही. मग थांब्यावर उभ्या राहणाऱ्या दोन मुली एक वही करतात. तारीख, गाडी येण्याची खरी वेळ, आली नसेल तर तशी नोंद, त्या दिवशी पहिल्या तासाला किती जणी पोहोचल्या नाहीत. महिनाभरात त्या वहीतून काहीतरी वेगळेच दिसू लागते. कदाचित गाडी रोज उशिरा येत नाही. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशीच उशिरा येते. कदाचित ती वेळेवर येते, पण आधीच भरलेली असल्याने थांबत नाही. 'उशीर' या एका तक्रारीचे आता दोन वेगळे प्रश्न झाले. पुढे वाहकाला विचारायचे. वाहक म्हणतो, गाडीच आगारातून उशिरा मिळते. बसस्थानकातला वाहतूक नियंत्रक सांगतो, गाडी आगारातून निघतच नाही. ती आदल्या रात्री पलीकडच्या गावात मुक्कामी असते आणि तिथूनच सकाळी सुटते. दोन उत्तरे जुळत नाहीत. इथे बहुतेक मुले कंटाळतात आणि पुष्कळ शिक्षकही. पण बातमीत खोली येते ती नेमकी इथून.

मुले मुक्कामाच्या गावी जातात. तिथे त्यांना कळते की चालक-वाहकांना रात्री झोपायला धड जागा नाही, शौचालय नाही, उन्हाळ्यात गाडीतच डासांत पडून राहावे लागते. म्हणून त्या फेरीवर जायला कोणी राजी नसते, ऐन वेळी बदली चालक शोधावा लागतो आणि गाडी सुटायला उशीर होतो. मी हे उदाहरणादाखल रचले आहे, पण मुक्कामी गाड्यांच्या कर्मचाऱ्यांच्या सोयींचा प्रश्न खराच आहे आणि एसटीत काम करणारा कोणीही तो सांगेल. आता पाहा, काय झाले. पहिल्या मसुद्यात दोष 'प्रशासनाचा' होता. तिसऱ्या खेपेनंतर तो दोष गावाच्या दारात येऊन उभा राहिला, कारण एक खोली आणि एक नळ ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली गोष्ट आहे. ज्या पंचायतीच्या सदस्याचा मुलगा याच वर्गात बसतो, त्या पंचायतीची.

यानंतर आगार व्यवस्थापकांना भेटायचे. ते 'भारमान', म्हणजे गाडी किती भरते याचे प्रमाण, हा शब्द वापरतील. या मार्गावर प्रवासी कमी, फेरी तोट्यात, असे म्हणतील. मुलांनी तो शब्द वहीत टिपायचा, त्याचा अर्थ विचारायचा, आणि मग आणखी एक प्रश्न विचारायचा: मोफत पासावर बसणाऱ्या मुली या हिशेबात कशा धरल्या जातात? सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देते, हे मुलांना आधीच वाचून ठाऊक असेल तर हा प्रश्न ती विचारू शकतील. ठाऊक नसेल तर साहेबांनी सांगितले तेच लिहून परत येतील. तयारी करून जाणाऱ्या मुलात आणि तशाच जाणाऱ्या मुलात फरक पडतो तो इथे.

आकडे कोणी देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर येणे अपेक्षित. कायद्याने हा अधिकार 'नागरिकां'ना दिला आहे. त्यात वयाची अट नाही. लखनौच्या एका शाळकरी मुलीने २०१२ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, गांधीजींना 'राष्ट्रपिता' ही पदवी कोणत्या आदेशाने दिली, असा अर्ज केला होता. तशा आदेशाची नोंद सरकारला आपल्या दप्तरात सापडली नाही. सगळ्यांनी गृहीत धरलेल्या गोष्टीचा कागद दाखवा, असे म्हणायला ते मूल कचरले नाही. आपल्या वर्गातल्या मुलांमध्येही ही वृत्ती असते. आपणच ती दडपतो.

शाळकरी वयाच्या मुलांना एवढे झेपेल का, असे विचारणाऱ्यांना मी १८५५ सालाकडे बोट दाखवीन. त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. तिने दया मागितली नाही आणि बोधही केला नाही. आपल्या लोकांवर काय गुदरते ते तिने सांगितले: बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, तेव्हा ऊन-पावसात तिचे काय हाल होतात, हे स्वतःच्या वस्तीतल्या अनुभवावरून मांडले. आणि मग, ज्या धर्माचे ग्रंथ वाचण्याचाही आम्हांला अधिकार नाही तो आमचा कसा, असा थेट प्रश्न केला. आजच्या शास्त्रीय अर्थाने हे वार्तांकन नसेल. पण पाहिलेले सांगणे आणि मग जबाबदार असणाऱ्याला प्रश्न विचारणे हा क्रम त्यात पुरता आहे. मराठीतले या जातीचे लेखन एका शाळकरी मुलीपासून सुरू होते, असे मी मानतो. ते आपल्या नववी-दहावीच्या वर्गात या दृष्टीने कधी वाचले जात नाही, याचे मला दुःख आहे.

दुसरे उदाहरण पार परदेशातले, पण शाळेच्या चार भिंतींतले आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पिट्सबर्ग नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या हायस्कूलच्या 'बूस्टर रीडक्स' या विद्यार्थी वृत्तपत्राने २०१७ च्या मार्चमध्ये नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकांची ओळख करून देणारा लेख करायला घेतला. स्वागतपर, साधा लेख. तसे लेख आपल्याकडच्या वार्षिकांकांत दरवर्षी येतात. मुलांनी त्यांच्या पदव्या कोणत्या विद्यापीठाच्या आहेत ते पाहायला सुरुवात केली आणि त्या विद्यापीठाला मान्यता असल्याचा पुरावाच मिळेना. मुले मुख्याध्यापिकांशी बोलली, त्यांची उत्तरे तपासली, ती जुळेनात. वृत्तपत्राच्या सल्लागार शिक्षिका नेमणुकीच्या समितीत होत्या, त्यामुळे त्या या बातमीपासून दूर राहिल्या आणि मार्गदर्शनासाठी बाहेरची मदत घेतली गेली. ३१ मार्चला लेख छापून आला. त्यानंतर काही दिवसांतच मुख्याध्यापिकांनी राजीनामा दिला.

या घटनेची चर्चा बहुधा 'मुलांनी मुख्याध्यापिकेला घालवले' अशी होते. मला ते महत्त्वाचे वाटत नाही. मला त्यातल्या दोन गोष्टी शिक्षकांना दाखवाव्याशा वाटतात. एक, मुले कोणाला पकडायला निघाली नव्हती. पदवीचे नाव छापायचे तर ते बरोबर असले पाहिजे, एवढ्या साध्या काळजीतून सगळे उघड झाले. दुसरी, सल्लागार शिक्षिकेचे बाजूला होणे. ज्या निर्णयात आपला हात होता त्यावरची बातमी आपण हाताळायची नाही, ही शिस्त मुलांना व्याख्यानातून कळली नसती. ती त्यांना प्रत्यक्ष घडताना दिसली.

मात्र कॅन्ससच्या मुलांच्या पाठीशी कायदा होता. मिसूरी राज्यातल्या हेझलवूड शाळेत १९८३ मध्ये मुख्याध्यापकांनी विद्यार्थी वृत्तपत्राची दोन पाने काढून टाकली. किशोरवयीन गर्भारपण आणि आईवडिलांचा घटस्फोट हे त्यांतले विषय होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल शाळेच्या बाजूने लागला. त्यानंतर काही राज्यांनी विद्यार्थी वृत्तपत्रांना संरक्षण देणारे स्वतःचे कायदे केले. कॅन्ससचा कायदा १९९२ चा. आपल्याकडे असले काहीच नाही. शाळेच्या हस्तलिखितात काय यावे हे मुख्याध्यापक ठरवतात, आणि त्यांच्यामागे संस्थाचालक असतात. म्हणून विषयाची निवड हा शिक्षकाच्या विवेकाचा प्रश्न होतो. पोषण आहाराच्या डाळीबद्दल लिहिणारी मुलगी उद्या त्याच रांगेत ताट घेऊन उभी असते. सरपंचाच्या शेतावर ज्याचा बाप मजुरीला जातो, त्या मुलाच्या नावाने रोजगार हमीच्या कामावरची बातमी छापायची का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. असे लेख गटाच्या नावाने, शिक्षकाच्या सहीने छापावेत. धोका असेल तर तो मोठ्या माणसाने अंगावर घ्यायचा असतो.

काही गोष्टी तर कायद्यानेच बंद आहेत आणि त्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगाव्या लागतात. अत्याचार झालेल्या मुलामुलीची ओळख पटेल असे काहीही छापायचे नाही. पोक्सोचा २०१२ चा आणि बालन्यायाचा २०१५ चा कायदा तसे बजावतो. नाव गाळून गाव, वर्ग आणि वडिलांचा धंदा दिला तर छोट्या गावात ओळख पटतेच. नववीतली एखादी मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आली नाही, तिचे लग्न झाले, अशी बातमी मुलांपर्यंत सगळ्यात आधी येते. त्यांना त्यावर लिहावेसे वाटते, आणि वाटलेच पाहिजे. पण तिच्यावर लिहायचे नाही. आठवीतून नववीत येताना पटावरच्या मुलींची संख्या किती घटते, मोठ्या शाळेपर्यंतचा रस्ता किती लांब आहे, ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न आईबापांना कसा पडतो, यावर लिहायचे. मैत्रिणीचे दुःख लेखाचे भांडवल न करता त्या दुःखाचे कारण शोधणे, ही या वयात शिकता येण्याजोगी गोष्ट आहे. मोठ्या वृत्तवाहिन्यांना ती अजून शिकायची आहे.

मुलांच्या भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे चांगले शिक्षकही मुलांना अडवतात. म्हातारी आजी अहिराणीत किंवा वऱ्हाडीत बोलली की मूल घरी येऊन ते सगळे पुस्तकी मराठीत 'सुधारून' लिहिते. 'मला खूप दुःख झाले' असे जे आजी आयुष्यात कधी बोलली नाही, ते तिच्या तोंडी येते. तसे करू देऊ नये. ज्याने जे म्हटले ते त्याच्याच बोलीत, त्याच्याच शब्दांत उतरवायचे. फार अवघड असेल तर पुढे अर्थ द्यायचा. असे ठरले की वर्गातली उतरंडही बदलते. घरी पावरी किंवा कोरकू बोलणारे, निबंधात सदैव मागे राहणारे मूल मुलाखतीत सगळ्यांच्या पुढे जाते, कारण ज्यांच्याशी बोलायचे त्यांची भाषा त्यालाच येते. ज्याला लिहिणे जड जाते त्यालाही यात जागा आहे. दिल्लीत रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मुलांनी २००३ मध्ये 'बालकनामा' हे वृत्तपत्र सुरू केले. त्यात लिहिता न येणारी मुले बातम्या बोलून सांगतात आणि लिहिता येणारी उतरवून घेतात. अशा मुलांना तिथे 'बातूनी रिपोर्टर' म्हणतात. रेल्वे रुळांवरचे मृतदेह उचलायला पोलीस मुलांना लावतात, ही बातमी मोठ्या वृत्तपत्रांच्या आधी त्या मुलांनी बाहेर काढली.

वाचायला काय द्यावे? मी अनिल अवचटांपासून सुरुवात करीन. हमाल, तंबाखूच्या वखारीतल्या बाया, विणकर यांच्यावरचे त्यांचे लेख मुलांना सहज वाचता येतात. वाक्ये लहान, विशेषणे जवळपास नाहीत, आणि लेखक सतत काहीतरी विचारत असतो. 'हे कसे करता?', 'दिवसाला किती मिळतात?' असे प्रश्न. मुलांना तिथे कळते की साधा प्रश्न विचारायला लाज वाटायचे कारण नाही. पुढे पी. साईनाथ यांचे 'दुष्काळ आवडे सर्वांना', आणि त्यांनीच २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातले मराठीत आलेले लेख. वाचताना मुलांना एकच काम द्यावे: प्रत्येक परिच्छेदाशेजारी 'हे लेखकाला कसे कळले असेल' ते पेन्सिलीने लिहायचे. पाहून, विचारून की कागदावरून? हा सराव महिनाभर केला की मुले वर्तमानपत्र वेगळ्या नजरेने वाचू लागतात. 'सूत्रांनी सांगितले' या शब्दांपाशी अडखळतात.

गुणांचा प्रश्न शिक्षक नक्की विचारतील. माझे म्हणणे असे, की गुण लेखाला कमी आणि वहीला जास्त द्यावेत. वहीत तारखा आहेत का, कोण काय बोलले ते तसेच आहे का, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे घेतले आहे का, किती वेळा परत गेले, कोणत्या खेपेला आपले आधीचे मत खोडावे लागले. ओघवती भाषा असलेल्या मुलाला लेख सोपा जातो; वही कोणालाच सोपी जात नाही. एका गटाने एका वर्षात एकच लेख करावा. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत पिळून निघणाऱ्या शिक्षकाकडून याहून जास्त अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, आणि मुलांसाठीही एक पुरेसा आहे.

विषय मात्र शाळा उघडताच ठरवावा. जूनमध्ये एसटीच्या फेऱ्या शाळेच्या वेळेनुसार बदलतात, पास काढायला रांगा लागतात, पहिल्या पावसात रस्ते वाहून जातात. वहीत नोंदवण्यासारखे सगळ्यात जास्त याच दिवसांत घडते. पहिला मसुदा दिवाळीच्या सुट्टीआधी यावा, म्हणजे सुट्टीत परत जाऊन विचारायला सवड मिळते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दोनदा पुनर्लेखन, आणि ६ जानेवारीला, १८३२ साली 'दर्पण'चा पहिला अंक निघाला त्या दिवशी, भित्तिपत्रक लावायचे. त्याची एक प्रत ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांच्या हातात मुलांनी स्वतः नेऊन द्यायची. आगार व्यवस्थापकांना, ग्रामसेवकांना, मुक्कामाच्या गावच्या सरपंचांना. त्यांनी काही चूक दाखवली तर दुरुस्ती त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत लावायची. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत लेख वाचून दाखवायची परवानगी मिळाली, तर वाचायला त्या दोन मुलींनी उभे राहायचे, ज्यांनी महिनाभर थांब्यावर वही धरली होती.